साठ की आठ?

मैत्रिणींनो, एक सांगा. एखादी बाई माइकसमोर बोलायला उभी राहिली आणि तिचं बोलणं मागपर्यंत नीट पोचलं नाही, तर आपण काय म्हणतो? "अहो बाई, जरा मोठ्यानं बोला!" बरोबर ना? मीही आजवर हेच म्हणत आले. वीसेक वर्षं महिला मंडळाचं काम करते आहे. बायकांना बोलतं करायचं म्हणून शिबिरं घेतली, 'ताठ उभ्या राहा, समोर बघा, मोठ्यानं बोला' हे तर शंभरदा सांगितलं असेल. आणि गेल्या ३ जानेवारीला माझ्या तोंडून निघालेल्या ह्याच वाक्यानं एका बाईचं बोलणं अर्ध्यावर तुटलं. त्याची गोष्ट आज सांगायची आहे. गोष्ट त्या बाईची आहे, तशीच एका स्पीकरच्या पेटीचीही आहे.

सावित्रीबाई फुल्यांची जयंती आम्ही दरवर्षी मंडळाच्या हॉलमध्ये करतो. हॉल लांबोळका, आगगाडीच्या डब्यासारखा. त्यात दोन स्पीकर. एक स्टेजजवळ, पुढच्या खुर्च्यांवर बसणाऱ्या पाहुण्यांसाठी. दुसरा मागच्या खांबाजवळ, सतरंजीवर बसणाऱ्या आपल्या बायकांसाठी. ह्या वेळी नगरपरिषदेचे एक अधिकारी पाहुणे म्हणून आले होते. तेव्हा आम्ही ठरवलं, नुसती भाषणं नकोत, एक मागणीही त्यांच्या कानावर घालायची. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांसाठी शौचालय नाही. पहाटे घर सोडलेली बाई दिवेलागणीला परत जाते. दिवसभर घोटभर पाणी पीत नाही, कारण प्यायलं तर जायचं कुठं? त्यातून लघवीची जळजळ, ताप, दवाखाना. हे मी सांगण्यापेक्षा जिला सोसावं लागतं तिनंच सांगावं, म्हणून भाजीवाल्या मावशींना तयार केलं. चार दिवस माझ्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी सराव केला.

मावशी उभ्या राहिल्या. "आम्ही बाजारात साठ जणी बसतो..." एवढं म्हटलं, तोच मागून एक बाई म्हणाली, "आठच जणी? मग आठ जणींसाठी कशाला शौचालय?" दुसरी ओरडली, "ऐकू येत नाही हो!" मावशी गांगरल्या. मी स्टेजच्या कडेला उभी होते. हातानं खूण करत म्हटलं, "मावशी, मोठ्यानं!" त्यांनी आवाज चढवला, माइक तोंडाशी नेला, कुणीतरी अ‍ॅम्प्लिफायरचं बटण पिळलं आणि हॉलभर 'कुंईऽऽ' झालं. लोक हसले. मावशींनी पदर तोंडाला लावला आणि खाली येऊन बसल्या. मागणी राहिली ती राहिलीच. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "चालायचंच. बायकांच्या आवाजाला माइक सोसत नाही."

त्यानंतर पाहुणे अर्धा तास बोलले. मागून एकही ओरड झाली नाही.

घरी आले तरी मावशींचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. आणि एक गोष्ट सारखी टोचत होती. अहो, ह्याच मावशी बाजारात "ताजी मेथीऽऽ" अशी हाक घालतात ना, ती पलीकडच्या एसटी स्टँडवर ऐकू जाते! त्यांच्या आवाजात कमी कुठं होती? मग दुसऱ्या दिवशी, मागं बसलेल्या तिघीचौघींना गाठून विचारलं, "पाहुण्यांचं तरी नीट कळलं का?" त्या एकमेकींकडे बघून हसल्या. एक म्हणाली, "छे हो ताई! तोंडात गुळणी धरून बोलल्यासारखं येत होतं. पण साहेबांना कोण सांगणार, मोठ्यानं बोला म्हणून?"

ह्या एका वाक्यानं माझे डोळे उघडले. म्हणजे ऐकू कुणाचंच येत नव्हतं. सांगण्याची हिंमत मात्र फक्त मावशींच्या वेळी झाली होती. आणि पुढच्या खुर्च्यांना सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, म्हणून यंत्रात बिघाड असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. आठवून पाहिलं, तर वर्षभर हेच चाललं होतं. हळदीकुंकू, पाककृती स्पर्धा, आरोग्य शिबिर, प्रत्येक वेळी मागून "मोठ्यानं बोला". चांगल्या चांगल्या बोलक्या बायका हळूहळू माइक टाळायला लागल्या होत्या, आणि मी त्यांनाच दोष देत होते.

मी हॉलमध्ये गेले, मोबाइलवरचं एक गाणं लावलं आणि दोन्ही पेट्यांना आळीपाळीनं कान लावला. तुम्हीही कधी करून बघा, ह्याला काही शिक्षण लागत नाही. पुढच्या पेटीत खालचा मोठा गोल पडदा धमधमत होता आणि वरच्या कर्ण्यासारख्या तोंडातून टाळ, पैंजण, शब्दांच्या कडा असं सगळं स्वच्छ येत होतं. मागच्या पेटीत खालून नुसतं धम धम, आणि वरचं तोंड पार मुकं.

मंडळाच्या बैठकीत विषय काढला. ज्यांच्याकडून पेट्या घेतल्या होत्या त्या दुकानदारांना फोन लावला, तर ते म्हणाले, "नऊ वर्षांच्या पेट्या म्हणजे म्हाताऱ्याच की वहिनी. टाकून द्या, नवीन जोडी सव्वीस हजारांत देतो." एकीनं लगेच मान डोलावली. पण आमच्या खात्यात होते एकतीस हजार, तेही दोन शिलाई मशिनींसाठी पै-पै करून साठवलेले. मशिनी कुणाला द्यायच्या तेही ठरलं होतं. त्या दोघींचे चेहरे माझ्या समोर होते. मी म्हटलं, "आधी पेटी उघडून तर बघू. न उघडता मेली म्हणून कसं सांगायचं?"

आमच्या बाजारपेठेच्या बोळात एक जुने रेडिओ-टीव्ही मेकॅनिक आहेत. आता टीव्ही दुरुस्तीला फारसं कुणी येत नाही, तरी दुकान उघडं ठेवतात. मी आणि माझी धाकटी जाऊ दोन्ही पेट्या रिक्षात घालून तिकडे गेलो. त्यांना म्हटलं, "दादा, आमच्यासमोर उघडा. आम्हाला बघायचंय." आधी जरा नवल वाटलं त्यांना. मग स्टूल पुढं सरकवले.

पेटीच्या मागच्या बाजूची, जिथं वायर खोचतात ती चौकोनी पट्टी चार स्क्रू काढून बाहेर ओढली. तिच्या पाठीला हिरवट रंगाचा एक छोटा पत्रा, म्हणजे सर्किटची पाटी. तिच्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, एकदोन नळकांडी आणि पांढऱ्या सिमेंटचा विटेसारखा एक तुकडा. दादा म्हणाले, "हा क्रॉसओव्हर." मी इतकी वर्षं तो शब्दही ऐकला नव्हता.

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आपण पीठ चाळतो तेव्हा चाळणी काय करते? बारीक पीठ खाली सोडते, कोंडा वर ठेवते. क्रॉसओव्हर ही आवाजाची चाळणी. अ‍ॅम्प्लिफायरकडून सगळा आवाज एकत्र येतो. त्यातले खालच्या पट्टीचे, जाडेभरडे सूर मोठ्या पडद्याकडे म्हणजे वूफरकडे जायला हवेत, आणि वरच्या पट्टीचे बारीक सूर ट्वीटरकडे किंवा हॉर्नकडे. तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, बारीक सुरांना अडवतं. कपॅसिटर, ज्याला जुने मेकॅनिक कंडेन्सर म्हणतात, तो जाड सुरांना अडवतो. म्हणून वूफरच्या वाटेवर कॉइल बसवतात आणि हॉर्नच्या वाटेवर कपॅसिटर. सिमेंटची वीट म्हणजे रेझिस्टर. हॉर्नचा आवाज वूफरपेक्षा फार चढू नये म्हणून तो त्याला लगाम घालतो.

आमच्या मागच्या पेटीतली ती वीट मधोमध तडकली होती, खालची पाटी काळी पडली होती आणि शेजारचा कपॅसिटर फुगला होता. हॉर्नकडे जाणारी वाटच तुटली होती. वूफरची वाट वेगळी, म्हणून तो बिचारा एकटाच बोलत होता. पेटी वाजते आहे असं सगळ्यांना वाटत होतं, ते त्यामुळेच. पूर्ण बंद पडली असती तर त्याच दिवशी कळलं असतं.

आता ह्याचा मावशींच्या 'साठ'शी काय संबंध? फार जवळचा आहे. आपल्या बोलण्यातले अ, आ, ओ हे स्वर खालच्या-मधल्या पट्टीत असतात. आवाजाचा भरदारपणा त्यांचा. पण स, श, च, फ ह्या अक्षरांची फुंकर फार वरच्या पट्टीत असते. 'स'चा जोर तर सेकंदाला चार हजार कंपनांच्याही पुढं. मोठा वूफर तिथपर्यंत नीट पोचतच नाही, ते काम हॉर्नचं. हॉर्न मुका झाला की 'साठ'मधला 'स' गळतो आणि उरतं 'आठ'! जुन्या टेलिफोनवर साधारण ३४०० कंपनांपर्यंतचाच आवाज जायचा, म्हणून फोनवर आपण "साठ, साठ, सहावर शून्य" असं फोड करून सांगायचो, आठवतंय? तेच आमच्या हॉलमध्ये वर्षभर घडत होतं. पुरुषांच्या बोलण्यातलीही अक्षरं गळत होती. पण खालच्या पट्टीचा घुमारा वूफरमधून भरपूर यायचा, त्यामुळे 'आवाज दमदार आहे' असं वाटायचं. शब्द कळले नाहीत तरी!

पुढं मला वाचनात आलं, अमेरिकेत १९२०च्या दशकात रेडिओ नवा होता, तेव्हा तिकडेही बायकांचा आवाज रेडिओला चालत नाही असं सर्रास म्हटलं जाई. त्या काळची यंत्रं वरच्या पट्टीतला आवाज नीट नेतच नव्हती. यंत्र तोकडं होतं आणि नाव बाईचं खराब झालं. शंभर वर्षांपूर्वी तिकडे जे झालं ते आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये होत होतं, आणि करणारी मीच.

दुरुस्तीचंही सांगते, कारण ह्या कामात चार वाटा समोर येतात आणि पहिल्या दोन चुकीच्या असतात.

पहिली वाट म्हणजे पेटीच टाकून द्या. ती दुकानदारांनी दाखवली होती. दुसरी वाट दुकानातल्या मदतनीस पोरानं सुचवली, "काका, क्रॉसओव्हर काढून सरळ जोडून टाकू ना." दादा त्याच्यावर खेकसलेच. हॉर्नच्या आतला पडदा कागदासारखा नाजूक. चाळणी काढून सगळा जाडाभरडा आवाज त्याच्या अंगावर सोडला तर तो जळून जातो. म्हणजे चाळीस-पन्नास रुपयांचा भाग वाचवायला जाऊन हजारांचा भाग घालवायचा. कुणी तुमच्या पेटीचं असं करत असेल तर सरळ नको म्हणा.

तिसरी वाट म्हणजे तयार क्रॉसओव्हर बाजारातून आणून बसवणं. हे काही वेळा करावंच लागतं. पाटी जळून कोळसा झाली असेल, कॉइलच्या तारेवरचा लेप जळून वेढे एकमेकांना चिकटले असतील, तर सगळाच बदललेला बरा. पण तो बसवताना तीन गोष्टी जुळायला हव्यात. स्पीकर किती ओहमचा आहे, किती वॅट सोसतो आणि आवाजाची विभागणी कुठल्या ठिकाणी व्हायला हवी. कुठलाही दिसला तो बसवला तर आवाज बेसूर होतो आणि हॉर्न पुन्हा धोक्यात येतो. दुसरीच्या मापाचं ब्लाउज घातल्यासारखं.

चौथी वाट, जेवढं बिघडलं तेवढंच बदलायचं. आधी दादांनी हॉर्नची वायर सोडवून मीटर लावला. ८ ओहमच्या हॉर्नवर मीटर साधारण सहा-साडेसहा दाखवतो. आमच्यानं सहाच्या वर दाखवलं, म्हणजे हॉर्न जिवंत होता. जळलेल्या विटेवरचा आकडा तर वाचताच येत नव्हता. मग त्यांनी दुसरी, चांगली पेटी उघडली. जुळ्या बहिणीच्या अंगावर सगळं लिहिलेलंच होतं. रेझिस्टर ४.७ ओहम, १० वॅट. कपॅसिटर ६.८ मायक्रोफॅरॅड, १०० व्होल्ट. पेट्यांची जोडी असेल तर हा फायदा लक्षात ठेवा. नियम सोपा आहे. ओहम आणि मायक्रोफॅरॅडचा आकडा तोच हवा. वॅट आणि व्होल्ट तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. आणि कपॅसिटर असा हवा की ज्याला अधिक-उणे बाजू नसते. रेडिओच्या सर्किटमधला साधा, अधिक-उणेवाला बसवला तर तो टिकत नाही, फुटतोसुद्धा.

नवीन वीट त्यांनी पाटीला चिकटवून न बसवता थोडी उंच ठेवली, खालून वारा खेळावा म्हणून. सोल्डरिंगचा धूर निघाला, माझ्या जावेनं टॉर्च धरला, पाऊण तासात काम झालं. बिल किती? सुटे भाग आणि मजुरी धरून ३४० रुपये. सव्वीस हजार आणि तीनशे चाळीस! शिलाई मशिनी त्या दोघींच्या घरी पोचल्या हो.

पेट्या हॉलमध्ये आणल्या आणि मावशींना बोलावलं. त्या यायला तयार नव्हत्या. "माझं हसं करायला परत बोलावता होय?" मी त्यांना आधी माफी मागितली. म्हटलं, "मावशी, चूक तुमच्या आवाजाची नव्हती. पेटीची होती, आणि माझीही." मग म्हटलं, भाषण नको, नुसत्या तुमच्या टोपलीतल्या भाज्या सांगा. त्या माइकवर म्हणाल्या, "शेपू, चाकवत, चुका, फरसबी, सीताफळ." मी मागच्या खांबाशी उभी. एकेक अक्षर सुपातल्या तांदळासारखं वेगळं पडत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मावशी स्वतःहूनच म्हणाल्या, "आम्ही बाजारात साठ जणी बसतो." साठ म्हणजे साठ!

आता मला जे म्हणायचं आहे ते म्हणते.

बाईचं बोलणं पोचलं नाही की बाईला सुधारायला निघायची आपल्याला सवय लागली आहे. तिनं मोठ्यानं बोलावं, तिनं धीट व्हावं, तिनं शिबिराला यावं. ह्यात वाईट काही नाही, मीही शिबिरं बंद करणार नाही. पण मधली जी वाट आहे, जिच्यातून तिचं बोलणं जातं, ती धड आहे का हे कुणी बघायचं? माइक कुठं ठेवलाय, मागची पेटी वाजते का, हॉलचा पंखा किती खडखडतो, सतरंजी दाराजवळ का घातली, हे सगळं बाईच्या आवाजाच्या आधी तपासायला हवं. इथून पुढं आमच्या मंडळात नियम केला आहे. कार्यक्रमाआधी एक बाई माइकवर 'साठ, आठ, सात' म्हणते आणि दुसरी अगदी मागं, सतरंजीवर बसून ऐकते. तिन्ही वेगळे कळले तरच कार्यक्रम सुरू.

दुसरं, पेटी उघडून बघण्याचं. घरातलं मिक्सर, इस्त्री, स्पीकर बिघडलं की आपण पुरुषांच्या हवाली करतो आणि 'नवीन घ्या' हा निकाल मुकाट्यानं मान्य करतो. मैत्रिणींनो, आपण शिवणाचं मशीन उघडून तेल घालतो, कुकरची शिट्टी, व्हॉल्व्ह, गास्केट बदलतो. मग चार स्क्रूंना का भ्यायचं? प्रत्येकीनं सोल्डरिंग करावं असं नाही. पण समोर बसून बघावं, काय जळलं ते विचारावं, जुना भाग हातात मागून घ्यावा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ला त्याचं पोर्टलही सुरू झालं. शेतीची यंत्रं, मोबाइल, घरातली उपकरणं, वाहनं ह्यांची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला मिळावेत, हा त्यामागचा विचार. पण हक्क कागदावर आला तरी विचारणारं तोंड आपलंच लागतं ना?

एक सावधगिरी मात्र सांगते. आमच्या पेट्या साध्या होत्या, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा. अशा पेटीच्या वायरी काढून ठेवल्या की आत विजेचा धोका नसतो. हल्ली मिळणाऱ्या बऱ्याच पेट्यांमध्ये, चाकांच्या ट्रॉली स्पीकरमध्येसुद्धा, अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो. जिला थेट विजेची पिन असते ती पेटी घरी उघडू नका. आतल्या काही भागांत पिन काढल्यावरही वीज साठून राहते. ते काम जाणकाराचंच.

आणि तिसरं, मुळात हे जळलं कशानं? गेल्या उन्हाळ्यात हॉल एका हळदीला दिला होता. पोरांनी गाणी लावली आणि आवाज शेवटच्या टोकाला नेला. दादा म्हणाले, अ‍ॅम्प्लिफायरच्या ताकदीपलीकडे बटण पिळलं की आवाज फाटतो, आणि फाटलेल्या आवाजाचा सगळा ताप हॉर्नच्या वाटेवर येतो. माइकच्या 'कुंई'नंही तेच होतं. म्हणजे ज्या धांगडधिंग्यात कुणाला काही ऐकायचं नव्हतं, त्यानं आमची ऐकण्याची वाट जाळली! ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००पासून आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, आणि ठरावीक सणांचे दिवस सोडले तर रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. आपण हे नियम म्हाताऱ्या माणसांच्या झोपेसाठी आणि मुलांच्या परीक्षेसाठी म्हणून सांगतो. मी आता त्यात एक कारण वाढवते. आवाज आटोक्यात ठेवला तर यंत्र टिकतं, आणि यंत्र टिकलं तर गरिबाचं म्हणणंही मागपर्यंत जातं. हॉल भाड्यानं देताना अ‍ॅम्प्लिफायरची किल्ली आता आमच्याकडेच असते. बटणापाशी आमच्यातलीच एक बसते. सुरुवातीला पोरं कुरकुरली, आता सवय झाली.

८ मार्चच्या कार्यक्रमाला आम्ही त्याच अधिकाऱ्यांना पुन्हा बोलावलं. मावशी उभ्या राहिल्या, माइक हातभर लांब ठेवला आणि साध्या बोलण्याच्या आवाजात सांगितलं. साठ जणी, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत, एकही शौचालय नाही. मागच्या सतरंजीवरून पहिल्यांदाच टाळ्या आल्या. साहेबांना सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागलं. जागा बघायला माणूस पाठवतो म्हणाले. माणूस येऊन मोजमाप करून गेलाय, शौचालय अजून झालेलं नाही. आम्ही पाठपुरावा करतोय आणि झाल्याशिवाय सोडणार नाही.

ती तडकलेली सिमेंटची वीट मी दादांकडून मागून घेतली आहे. माझ्या टेबलावर असते. शिबिरात कुणाला "मोठ्यानं बोला" म्हणायला तोंड उघडलं की तिच्याकडे नजर जाते, आणि मी आधी उठून मागच्या पेटीला कान लावून येते.